पुढचं देऊ का मागचं?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. “पुढचं देऊ का मागचं?” दुकानदार मान वर न करता विचारतो आणि गिऱ्हाईक न अडखळता उत्तर देतं. पुढचं म्हणजे खांदा, गळा, फासळ्या. मागचं म्हणजे मांडी. बोकड मागच्या पायांना बांधून उलटं टांगलेलं असतं, मुंडकं कधीच वेगळं झालेलं असतं, म्हणजे त्या घडीला ‘पुढचं’ जमिनीकडे आणि ‘मागचं’ छताकडे असतं. तरी आजवर कुणाचा घोटाळा झाल्याचं मी ऐकलं नाही.

मागच्या दिवाळीत माझी भाची माझ्यासोबत त्या रांगेत होती. एमबीबीएसचं पहिलं वर्ष, डिसेक्शन नुकतंच सुरू झालेलं. दुकानदाराचा प्रश्न ऐकून तिला हसू आवरेना. म्हणाली, “मामा, आमच्या पुस्तकाप्रमाणं याचं पुढचं म्हणजे पोट.”

“म्हणजे तुझ्या पुस्तकाप्रमाणं मागितलं असतं तर काय मिळालं असतं?”

“वजडी.”

विनोद तिथंच संपला, पण प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. माणसाचं पुढं म्हणजे जिकडे पोट आहे तिकडे. बकऱ्याचं पुढं म्हणजे जिकडे डोकं आहे तिकडे. दोघांची हाडं जवळजवळ एकाच आराखड्याची, काळीज तेच, फुप्फुस तेच, आणि ‘पुढं’ हा एवढासा शब्द दोघांत काटकोनात फिरतो. शरीरशास्त्रातले अँटीरियर, पोस्टीरियर, सुपीरियर, इन्फीरियर हे जड शब्द याच काटकोनापायी जन्माला आले आहेत. लोकांना वाटतं, ते लॅटिन आहेत म्हणून नेमके आहेत. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ते नेमके आहेत, पण त्यात लॅटिनचं श्रेय फार थोडं.

आधी आपल्या बोलण्याकडे बघू. मराठी दिशा शरीराकडून उसन्या घेते. पाठ आहे म्हणून ‘पाठीमागे’ आणि ‘पाठोपाठ’. डोंगराला पायथा असतो आणि माथा असतो, नदीला मुख असतं, घागरीला गळा. खाटेला तर उशाकडची बाजू आणि पायथ्याकडची बाजू असते, मग तिच्यावर कुणी झोपलेलं असो वा नसो. देऊळ ‘डाव्या हाताला’ लागतं. खेड्यात तर ‘विहिरीच्या वरल्या अंगाला’, ‘ओढ्याच्या त्या अंगाला’ असंच बोलतात. अंग म्हणजे शरीर आणि अंग म्हणजे बाजू, इतकं हे नातं जवळचं. जग मोजायची आपली पट्टी म्हणजे आपला देह. पण त्या पट्टीचीच लांबी मोजायची वेळ आली तर पट्टी आणायची कुठून?

यावर एक टोकाचं उत्तर ऑस्ट्रेलियात सापडतं. उत्तर क्वीन्सलँडमधली गुगु यिमिथिर ही भाषा बोलणारे लोक डावं-उजवं वापरत नाहीत, सगळा व्यवहार पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर या दिशांवर चालतो. मुंगी चढली तर ती ‘तुझ्या दक्षिणेकडच्या पायावर’ चढलेली असते. तुम्ही गर्रकन वळलात की तोच पाय उत्तरेकडचा. नकाशा म्हणून हे बिनचूक आहे. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही, कारण टेबल फिरवलं की रोग्याचा आजार दुसऱ्या पायात जाईल.

वैद्यकानं यावर काढलेला तोडगा शब्दाचा नाही, पवित्र्याचा आहे. कुस्तीतला पवित्रा असतो तसाच हा. माणूस ताठ उभा, नजर समोर, पाय जवळ, हात दोन्ही बाजूंना सरळ खाली सोडलेले, आणि तळवे पुढं केलेले, म्हणजे अंगठे बाहेरच्या बाजूला. असं रोजच्या आयुष्यात कुणी उभं राहत नाही. दारात असा माणूस दिसला तर आपण दोन पावलं मागं सरू. पण शरीराबद्दलचं प्रत्येक विधान या अवघडून उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल असतं. रोगी झोपलेला असो, वाकलेला असो, अपघातात गाडीखाली मुडपलेला असो, शब्द वापरताना त्याला आधी मनातल्या मनात उठवून असं उभं करायचं आणि मगच बोलायचं.

तळवे पुढं का, हे स्वतःवर करून बघण्यासारखं आहे. टेबलावर कोपर टेकवा आणि तळहात वर करा, उताणा. आता दुसऱ्या हाताच्या बोटांनी कोपरापासून मनगटापर्यंत चाचपत जा. दोन हाडं शेजारी शेजारी समांतर जातात. अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना. आता कोपर न हलवता हात पालथा करा. अल्ना जिथल्या तिथं राहतं आणि रेडियस त्याच्यावरून तिरकं ओलांडून पलीकडे जातं. मघाशी बाहेर असलेला अंगठा आता आत आला, करंगळी बाहेर गेली. ‘हाताच्या बाहेरच्या बाजूला’ असं नुसतं म्हटलं तर एका क्षणी ते एक हाड असतं, दुसऱ्या क्षणी दुसरं. म्हणून हाडं जेव्हा समांतर असतात तो क्षण धरून ठेवला. तळवे पुढं करण्यामागे एवढंच व्यवहारी कारण आहे.

या पवित्र्यानं आणखी एक गोष्ट साधली. बघणाऱ्याला हद्दपार केलं. डावं म्हणजे रोग्याचं डावं. डॉक्टर समोर उभा असेल तर त्याच्या उजव्या हाताला, पण ते त्याचं त्यानं बघून घ्यावं. सीटी स्कॅनचा आडवा काप बघताना तर रोग्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघतोय असं धरतात, म्हणून यकृत चित्राच्या डाव्या अंगाला दिसतं. केस कापायला बसल्यावर आरशातल्या न्हाव्याला ‘डावीकडे अजून थोडे कमी करा’ सांगताना आपण घोटाळतो. वैद्यकात त्या घोटाळ्याला जागा ठेवलेली नाही. माझ्या मते हा ठराव माणुसकीचाही आहे. जो टेबलावर आहे त्याची बाजू ती बाजू.

आता शब्दांकडे येऊ. त्यांच्यात गूढ काही नाही. अँटीरियर हे लॅटिनमधल्या ‘पुढं, आधी’ या अर्थाच्या शब्दाचं तुलनेचं रूप, म्हणजे ‘अधिक पुढचं’. पोस्टीरियर ‘अधिक मागचं’. सुपीरियर ‘अधिक वरचं’, इन्फीरियर ‘अधिक खालचं’. सगळे तुलना करणारे शब्द, हे महत्त्वाचं. शरीरात कुठलाच अवयव नुसता वर नसतो, तो कशाच्या तरी वर असतो. व्हेंट्रल म्हणजे पोटाकडचं, डॉर्सल पाठीकडचं, कॉडल शेपटीकडचं. रॉस्ट्रल म्हणजे चोचीकडचं. हाच चोचीचा शब्द रोमन लोक युद्धनौकेच्या टोकदार नाकालाही वापरत, आणि जिंकलेल्या जहाजांची ती नाकं रोममधल्या भाषणाच्या चौथऱ्यावर लावली होती. सॅजायटल म्हणजे बाणासारखं: कवटीच्या माथ्यावरून मागं जाणारी सरळ शिवण, तिला आडवी जाणारी शिवण मुकुटाच्या जागेची म्हणून कोरोनल. रोममधली मुलं लहानपणी जे शब्द घरात ऐकत, तेच हे. भाकरी-कोरड्यास इतके रोजचे.

आणि इथं एक गंमत आहे, जी मला तरी फार दिवस ठाऊक नव्हती. लॅटिनमधला इन्फीरियरचा मूळ शब्द आणि संस्कृतमधला ‘अधर’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीनं सख्खे भाऊ आहेत, एकाच जुन्या शब्दातून निघालेले. डेक्स्टर (उजवं) आणि दक्षिण हेही तसेच, मीडियल (मधल्या रेषेकडचं) आणि मध्य हेही. आता मराठी शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात बघा. तिथं ‘अधर बाजू’ म्हणजे प्राण्याची पोटाकडची बाजू. झुरळाचं, माशाचं, बेडकाचं पोट खालच्या अंगाला असतं, म्हणून अधर म्हणजे पोट. वैद्यकात मात्र त्याच शब्दाचा भाऊ, इन्फीरियर, याचा अर्थ पायांकडचं. एकाच आईची दोन लेकरं. एक आडव्या जनावराच्या घरी दत्तक गेलं, दुसरं उभ्या माणसाच्या. मराठी मुलगा अकरावी-बारावीपर्यंत ‘अधर’ म्हणजे पोट असं शिकतो आणि वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर त्याला कळतं की स्वतःचं पोट खाली नसून पुढं आहे.

संस्कृतला ही आडव्या-उभ्याची जाण फार आधीपासून होती. पशूला संस्कृतात ‘तिर्यक्’ म्हणतात, जैन परंपरेत पशुयोनीला ‘तिर्यंच’. शब्दशः अर्थ, जो आडवा चालतो तो. ज्याचा कणा जमिनीला समांतर आहे तो पशू, ज्याचा उभा आहे तो माणूस. प्राण्याची याहून नेमकी शारीरिक व्याख्या दोन अक्षरांत करता येईल असं मला वाटत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला हिशेबही याच धर्तीचा. चोवीस धमन्या नाभीपासून निघतात. दहा वर जातात, दहा खाली, चार तिर्यक्, म्हणजे आडव्या. आजच्या शरीररचनेशी हे जुळत नाही, आणि ओढूनताणून जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. पण रचनेची पद्धत बघण्यासारखी आहे. सुश्रुताला दिशा सांगायला बघणारा लागत नाही, पूर्व-पश्चिम लागत नाही. नाभी हे मूळ ठिकाण, आणि तिथून वर, खाली, आडवं. आरंभबिंदू शरीरातच ठेवला की अर्धं काम झालं. शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग हळूहळू कुंचल्यासारख्या साधनानं थर खरवडत बघायचं, ही त्याची रीत. थर उलगडत जाणाऱ्याला आत-बाहेर, वर-खाली यांची गरज पडणारच.

योगातला पवित्रा आणखी निराळा. पश्चिमोत्तानासन करणारे कितीतरी लोक ‘पश्चिम’ तिथं कशी आली हे विचारत नाहीत. तो माणूस उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा आहे. त्याची छाती पूर्व, पाठ पश्चिम, उजवा हात दक्षिण. पाठीकडची बाजू ताणायची म्हणून पश्चिमोत्तान. चौथी दिशा मात्र ‘डावी’ झाली नाही. उत्तर म्हणजे ‘अधिक वरची’. सूर्याकडे तोंड केलेला हा माणूस आणि तळवे पुढं केलेला वैद्यकाचा माणूस, दोघंही एकच काम करतात. दोघांनीही आधी उभं राहण्याची जागा ठरवली, शब्द मागाहून आले.

युरोपात हा प्रश्न अॅरिस्टॉटलला पडला होता. वर-खाली, पुढं-मागं, डावं-उजवं अशा सहा दिशा त्यानं मानल्या, पण वर-खाली ठरवताना आकाश-जमीन बघितली नाही, अन्न कुठून आत जातं ते बघितलं. त्यामुळे झाडाची मुळं हे त्याचं ‘वर’ ठरलं. झाड म्हणजे डोकं मातीत खुपसून उभं राहिलेला प्राणी. गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या मुळं वर असलेल्या अश्वत्थाशी याचा काही संबंध नाही, पण वाचताना तो आठवतोच. गेलेन या प्राचीन वैद्यानं माकडं, डुकरं, बैल फाडले आणि वर्णनं माणसाच्या नावावर खपवली; शरीरतज्ज्ञ व्हेसेलियसनं १५४३ साली बाझेलला छापलेल्या ग्रंथात ती दुरुस्त करायला घेतली. आडव्याचं ज्ञान उभ्यावर लादण्याचा हा इतिहास जवळजवळ चौदाशे वर्षांचा आहे.

या गोंधळावर शब्दांचा इलाज करायला निघाला तो एडिंबराचा जॉन बार्कले. १८०३ साली त्यानं शरीरातल्या स्थानदर्शक शब्दांबद्दल एक अख्खं पुस्तकच लिहिलं. विद्यापीठाबाहेर शरीररचना शिकवणारा हा लोकप्रिय शिक्षक. प्राण्यांच्या सांगाड्यांचा इतका नादी की जॉन के या व्यंगचित्रकारानं त्याला हत्तीच्या सांगाड्यावर स्वार झालेला दाखवलं. त्याची तक्रार सरळ होती. ‘वर’, ‘खाली’, ‘पुढं’ हे शब्द माणसाला लावले की एक अर्थ, घोड्याला लावले की दुसरा. मग शरीरातल्याच खुणा का घेऊ नयेत? मानेच्या पहिल्या मणक्याकडचं ते अॅटलँटल, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडचं ते सेक्रल. हाताला अंगठ्याकडची आणि करंगळीकडची बाजू हाडांच्या नावानं. आणि हात-पायांसाठी धडाजवळचं ते प्रॉक्झिमल, धडापासून लांबचं ते डिस्टल. अॅटलँटल आज कुणालाही आठवत नाही. प्रॉक्झिमल-डिस्टल मात्र जगभरच्या प्रत्येक एक्स-रेच्या अहवालात आहेत. मला हा माणूस आवडतो. नव्या शब्दांचा त्याला जरा सोसच होता हे खरं, पण रोग त्यानं बरोबर ओळखला होता.

पुढं १८९५ साली बाझेलला शरीरतज्ज्ञांनी एक अधिकृत यादी केली. तोवर साधारण पन्नास हजार नावं प्रचारात होती, एकाच भागाला पाच-पाच, दहा-दहा. ती पाच हजारांच्या आसपास आणली. १९३५ला येना इथं जर्मनांनी माणूस आणि पशू एका ओळीत बसवायचं ठरवून अँटीरियर-पोस्टीरियरच्या जागी व्हेंट्रल-डॉर्सल घातले. वीस वर्षांत, १९५५ला पॅरिसमध्ये, ते पुन्हा माघारी फिरवले गेले. पशुवैद्यांनी आपला संसार वेगळा थाटला. त्यामुळे हृदयात खालून रक्त आणणारी तीच मोठी नीला माणसात इन्फीरियर व्हीना काव्हा आणि कुत्र्यात कॉडल व्हीना काव्हा. विद्वानांच्या परिषदाही शेवटी मटणाच्या दुकानातल्याच प्रश्नावर अडल्या.

नियम कुठं मोडतो ते बघितलं की त्याचा खरा आधार कुठं आहे ते कळतं. पायाचं घ्या. पावलाच्या वरच्या भागाला, जिथं चपलेचा पट्टा येतो त्याला, शरीरशास्त्र ‘डॉर्सम’ म्हणतं, म्हणजे पाठ. उभ्या माणसात ती बाजू आकाशाकडे असते, पाठीकडे मुळीच नाही. मग पाठ का? उत्तर गर्भात आहे. गर्भाला हात-पायांचे अंकुर फुटतात तेव्हा ते वल्ह्यासारखे बाजूला निघालेले असतात. मग हात बाहेरच्या अंगाला वळतो आणि कोपर मागं जातं. पाय आतल्या अंगाला वळतो आणि गुडघा पुढं येतो. पाय जवळजवळ काटकोनात फिरल्यानं त्याची मूळची पाठ पुढं आली आणि मूळचं पोट मागं गेलं. नडगीची बाजू म्हणजे पायाची पाठ, आणि पोटरीची बाजू म्हणजे पायाचं पोट. आता ‘पोटरी’ हा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. त्यात पोट ऐकू येतं. ग्रीकांनीही त्या स्नायूच्या नावात पोटच घातलं आहे, गॅस्ट्रॉक्नीमियस, पायाचं पोट. हे नाव ठेवणाऱ्या कुणालाही गर्भशास्त्र ठाऊक नव्हतं, फुगवटा दिसला म्हणून पोट म्हटलं. पण त्या स्नायूला चेतना पुरवणारी नस कमरेच्या जाळ्यातल्या पोटाकडच्या फाट्यांतून येते, नडगीकडच्या स्नायूंची पाठीकडच्या फाट्यांतून. फुगवट्यावरून पडलेलं नाव आतून खरं निघालं.

मेंदूतही तेच. चार पायांच्या प्राण्यात मेंदू आणि मज्जारज्जू साधारण एका रेषेत असतात. माणूस उभा राहिला, पण डोळे समोरच बघायला हवेत, म्हणून ती रेषा मधेच वाकली. त्यामुळे पाठीच्या कण्यात डॉर्सल म्हणजे मागं आणि मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे वर. दातांच्या डॉक्टरांनी तर जबड्याच्या कमानीला पुढं-मागं लावणंच सोडून दिलं. कमानीवरून चालत मधल्या रेषेपासून लांब जाणारं ते डिस्टल, म्हणजे अक्कलदाढ सगळ्यात डिस्टल. झोफ्रवा सेंट-इलेर या फ्रेंच प्राणितज्ज्ञानं १८२२ साली शेवंड उताणा ठेवून सांगितलं, बघा, आता याची अंतर्रचना पाठीचा कणा असलेल्या प्राण्यासारखी दिसते. लोक हसले. १९९६च्या सुमारास जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की किड्यांमध्ये पोटाची बाजू ठरवणारी रासायनिक खूण आणि आपल्यात पाठीची बाजू ठरवणारी खूण एकाच कुळातल्या आहेत. कुठल्यातरी दूरच्या पूर्वजानं पालथ्याचं उताणं केलं होतं.

या सगळ्या ठिकाणी शब्द लॅटिनच होते. तरी फसले. फसले ते पवित्रा बदलला म्हणून. त्यामुळे मराठीत वैद्यक शिकवायचं झालं तर आधी नवे शब्द घडवले पाहिजेत, हा आग्रह मला पटत नाही. समीपस्थ, दूरस्थ, अभिमध्य, अभ्युदर असे शब्द परिभाषेच्या नावाखाली घडवले गेले. ते वाईट नाहीत, व्याकरणात चोख आहेत. अडचण एवढीच की डॉक्टर ते बोलत नाहीत आणि रोग्याला ते कळत नाहीत. मधेच एक तिसरी भाषा उभी राहते, जिची ओळख परीक्षेच्या पेपरापुरती. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आली, त्यात पुष्कळ इंग्रजी संज्ञा तशाच नागरीत लिहिल्या होत्या. त्यावर हसणारे पुष्कळ भेटले. मला ती गोष्ट शहाणपणाची वाटली.

याला एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मी माझ्या भाचीकडूनच ऐकला. “मामा, आपले शब्द निसरडे आहेत. हात म्हणजे पंजा का खांद्यापासून सगळा? पाय म्हणजे पाऊल का मांडीपासून? ‘हाताच्या वरच्या बाजूला सूज आहे’ यातलं वर म्हणजे खांद्याकडे का तळहाताच्या उलट अंगाला?” खरं आहे. आणखी भर मी घालतो. ‘पूर्वी’ आणि ‘पुढं’ दोन्ही शब्दांच्या मुळाशी समोरची बाजू आहे, पण एक गेलेल्या काळाकडे बोट दाखवतो, दुसरा येणाऱ्या. ‘सव्य’चं तर विचारूच नका. अर्जुन सव्यसाची, कारण तो डाव्या हातानंही बाण मारतो. सव्य म्हणजे डावं. जानवं डाव्या खांद्यावर असतं तेव्हा ते सव्य. आणि मराठी विज्ञानाच्या पुस्तकात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडे वळत जाणं, ते सव्य. शस्त्रक्रियेत हा शब्द कुणी वापरू नये एवढीच माझी प्रार्थना.

पण हा निसरडेपणा शब्दांना टेकू नसल्याचा आहे. टेकू दिला की हेच शब्द घट्ट उभे राहतात. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडच्या लाटेत ऑक्सिजन मिळेना तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं घरी करायच्या प्रोनिंगच्या सूचना काढल्या. मराठी वर्तमानपत्रांनी लिहिलं, ‘पालथे झोपा’. एकाही घरात कुणी विचारलं नाही की पालथं म्हणजे काय. बाळ पालथं पडायला लागलं की आपण शेजारीपाजारी सांगत सुटतो, पालथ्या घड्यावर पाणी ओतू नये हे शाळेत शिकतो. उताणा हा तर संस्कृतच्या ‘उत्तान’चा नातू आणि अर्थानं लॅटिन ‘सुपाइन’चा जुळा. ‘उशाकडून बेड वर करा’ असं वॉर्डातली सिस्टर वॉर्डबॉयला सांगते, तेव्हा ती क्रेनियल-कॉडलची, म्हणजे डोक्याकडचं-शेपटीकडचं ही, जोडी बिनचूक वापरत असते.

माझी आई गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरली आणि तोल सावरायला डावा हात टेकला. अहवालात लिहून आलं, डिस्टल एंड रेडियस फ्रॅक्चर. मी तिला अर्थ सांगितला, डिस्टल म्हणजे लांबचं. ती वैतागली. “हात माझा आणि मोडलंय ते लांबचं? कुणापासून लांब?” तिचा प्रश्न बार्कलेला विचारायला हवा होता. डिस्टल म्हणजे लांबचं, पण लांब कशापासून ते शब्दात नाही, ते ठरावात आहे. हाडांचे डॉक्टर आले, त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, “आजी, मनगटाकडचं टोक मोडलंय. अंगठ्याच्या अंगाचं हाड.” तिला सगळं कळलं.

नंतर मला कळलं की याच मोडण्याचं पहिलं गाजलेलं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कोलेसनं १८१४ साली लिहिलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला ऐंशीहून जास्त वर्षं अवकाश होता. मोडलेलं ठिकाण मनगटापासून साधारण दीड इंच वर, हे त्यानं नुसतं बोटांनी चाचपून सांगितलं. लेख छापला एडिंबराच्या नियतकालिकात, म्हणजे बार्कलेच्याच गावात, ‘डिस्टल’ बाजारात येऊन दहा-अकरा वर्षं झाल्यावर. आणि मथळ्यात कोलेसनं लिहिलं, रेडियसच्या मनगटाकडच्या टोकाचं मोडणं. डिस्टल नव्हे. आईच्या डॉक्टरांनी नेमके तेच शब्द वापरले होते.

प्लेट बसवायची ठरली. शस्त्रक्रियेच्या सकाळी सिस्टर मार्करचं पेन घेऊन आली. फाइलवर लेफ्ट लिहिलेलं, एक्स-रेवर खूण, मनगटाच्या पट्टीवर नाव. तरी तिनं विचारलं, “आजी, कुठला हात?” आईनं प्लास्टरमधला हात उचलून दाखवला. सिस्टरनं कोपराच्या वर, उघड्या त्वचेवर, मनगटाकडे रोखलेला एक बाण काढला.

“अगं, प्लास्टर दिसतंय की,” आई म्हणाली.

“आत गेल्यावर ते काढतात आजी,” असं म्हणून तिनं बाणाचं टोक पुन्हा एकदा गिरवलं.